शकुंतलेच्या रुळांवर सायकलमार्ग: आधी जमिनीचे पाहा, खडीचे नंतर

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे, म्हणजे ‘शकुंतला’, काही वर्षांपासून बंद आहे. ब्रॉडगेजची वाट पाहत ती गवतात गाडली जाण्यापेक्षा तेथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मार्ग का करू नये, आणि अमेरिकेत असे मार्ग नेमके झाले कसे, असे आपण विचारले आहे. मी पिट्सबर्गजवळ राहतो आणि तेथून मेरिलँडमधील कंबरलंडपर्यंत जाणाऱ्या ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’ या सुमारे २४० किलोमीटरच्या मार्गाच्या देखभालीला सुट्टीच्या दिवशी जात असतो. त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल मी अधिक खात्रीने लिहू शकतो.

बंद लोहमार्ग पाहिला की लोकांच्या डोळ्यांत रूळ, पूल आणि बोगदे भरतात. खरी ठेव मात्र रुळांखालची जमीन आहे, म्हणजे गावामागून गाव जोडत गेलेली, कोठेही न तुटलेली ती अरुंद पट्टी. अमेरिकेत कित्येक ठिकाणी ही जमीन रेल्वे कंपन्यांच्या मालकीची नव्हतीच. त्यांच्याकडे केवळ गाडी चालवण्यापुरता वहिवाटीचा हक्क होता. कंपनीने मार्ग रीतसर सोडून दिला की तो हक्क संपे आणि जमीन शेजारच्या मालकांकडे जाई. मधल्या एका मालकाने कुंपण घातले, तरी सलग मार्ग म्हणून बाकीच्या पट्टीचा उपयोग संपला.

यावर तोड म्हणून १९८३ साली तेथील राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे कधी गाडी सुरू करण्याची शक्यता राखून ठेवून मधल्या काळात पट्टी पायवाट म्हणून वापरली, तर मार्ग ‘सोडून दिला’ असे मानले जाणार नाही, अशी ती तरतूद आहे. तिला रेल बँकिंग म्हणतात. जमीनमालक अर्थातच न्यायालयात गेले. व्हरमाँट राज्यातील एका प्रकरणात १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण मालकांना भरपाई मागण्याची वाटही मोकळी ठेवली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. उलट वायोमिंगमधील एक मार्ग आधीच रीतसर सोडून दिला गेला होता. तेथे २०१४ साली त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने जमीन मालकाच्या पदरात टाकली.

आमच्या मार्गाचा ओहायोपाइल या गावाजवळचा पहिला चौदा-पंधरा किलोमीटरचा तुकडा १९८६ साली खुला झाला आणि शेवटचा, पिट्सबर्ग शहरातला, २०१३ साली. सत्तावीस वर्षांतला पुष्कळसा काळ खडी पसरण्यात नव्हे, तर निरनिराळ्या कंपन्यांचे जुने मार्ग एकमेकांना जोडण्यात आणि त्यासाठी पैसा उभा करण्यात गेला.

बांधकाम त्या मानाने सोपे असते, कारण अवघड काम रेल्वेने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेले असते. कंबरलंडपासून डोंगरमाथ्यापर्यंत सुमारे ३८ किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून अधिक चढ आहे, तरी तो कोठेही दोन टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून साठी उलटलेली माणसेही सायकलवरून न उतरता वर पोहोचतात. रूळ आणि स्लीपर काढले की खडी सारखी करायची आणि तिच्यावर चुनखडीची बारीक कच पसरून रोलर फिरवायचा. मात्र लाकूड कुजू नये म्हणून जुन्या स्लीपरांना लावलेले क्रिओसोट हे तेल आणि गवत मारण्यासाठी फवारलेली आर्सेनिकयुक्त औषधे मातीत मुरलेली असू शकतात, म्हणून मातीची तपासणी आधी करून घ्यावी.

पण सर्वांत जास्त लक्ष भरावाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्यांकडे द्यावे. एका वर्षी आम्ही एका भरावावर नवी कच घालून घेतली आणि खालची दीड फुटी मोरी पुढच्या हंगामावर ढकलली. तिच्या तोंडाशी ओकची पाने, एक फुटका डबा आणि गाळ यांचा गच्च बोळा बसला होता. एका रात्रीच्या पावसात पाणी तुंबले, मार्गावरून वाहिले आणि सकाळी गुडघाभर घळ पडलेली दिसली. बोळा काढायला दोन माणसांना एक सकाळ पुरली असती. घळ बुजवायला तीन आठवडे लागले. विदर्भातल्या काळ्या मातीच्या भरावावर तुंबलेले पाणी याहून अधिक नुकसान करील.

बोगद्यांचेही दुखणे पाणीच. आमच्याकडचा बिग सॅव्हेज बोगदा सुमारे एक किलोमीटरचा आहे. झिरपणारे पाणी आत गोठून अस्तर फोडू नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारे लावून घेतात आणि तेवढे महिने वाट खंडित राहते. शकुंतलेला ही चिंता नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रॉडगेजची मागणी जिवंत असताना ‘रूळ काढा, सायकलमार्ग करा’ अशी मागणी केलीत, तर गाडी परत यावी म्हणून धडपडणारी माणसेच आपल्या विरोधात उभी राहतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे असणार नाही. कंबरलंड ते फ्रॉस्टबर्ग या टप्प्यात पर्यटकांची आगगाडी आणि आमचा मार्ग एकाच पट्टीत शेजारी शेजारी चालतात, हे उदाहरण त्यांना जरूर दाखवावे. भारतात रेल बँकिंगसारखी सोय नसली, तरी तिचा आशय करारात आणता येतो: वापर तात्पुरता, रेल्वेचा हक्क अबाधित आणि पूल भंगारात न काढण्याची अट. त्याआधी एखादा दहा-बारा किलोमीटरचा तुकडा निवडून गावोगावच्या जमिनीच्या नोंदी आणि मोजणीचे नकाशे काढावेत, कोठे अतिक्रमण झाले आहे ते पाहावे, आणि ज्यांची शेते दोन्ही अंगांना आहेत त्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कोठून ओलांडतात हे त्यांच्याबरोबर चालून नकाशावर मांडावे. तो नकाशा तयार झाला की येथे कळवा. ओलांडणीच्या फाटकांची रचना आणि मोऱ्यांची पाहणी यांबद्दल मी त्यावर सविस्तर लिहीन.