जुनी लाकडी शिकारी बदकं (डिकॉय) जमवायची तर सुरुवात कुठून करावी? ही लोककला आहे का?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. अमेरिकेत शिकारीसाठी, खऱ्या बदकांना भुलवायला, पाण्यात सोडायची ती जुनी लाकडी बदकं लोक एवढे पैसे देऊन का घेतात, याला लोककला म्हणायचं की नुसता जुना बाजार, आणि तुम्हाला ऑनलाइन दिसलेलं ते काचेच्या डोळ्यांचं साडेचारशे डॉलरचं 'मेसन स्टाईल' बदक (मेसन ही अशी बदकं बनवणारी जुनी फॅक्टरी) घ्यावं का. शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, आत्ता घेऊ नका, आधी फोटो मागवा. कुठले ते खाली लिहितो.

मी डीलर वगैरे नाही. मेरीलँडमध्ये राहतो, चेसापीक खाडीच्या वरच्या टोकाला, जिथं सस्क्वेहाना नदी खाडीला मिळते, आणि या भागात ही वस्तू इतकी बनलीय की गराज सेलमध्ये गंजलेल्या पान्यांच्या शेजारी पडलेली दिसायची. आता नाही दिसत, सगळ्यांना भाव कळलेत.

आधी हे एवढं बनलं का ते बघा. इथल्या उथळ पाण्यात वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत प्रचंड वाढायचं आणि ते खायला कॅनव्हासबॅक बदकं हिवाळ्यात थव्यांनी उतरायची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तसं हे बदक बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत ताटात जायला लागलं, महागडी डिश होती ती, आणि मग बाजारासाठी शिकार हा पोटापाण्याचा धंदाच झाला. त्यासाठी सिंकबॉक्स वापरायचे, म्हणजे शवपेटीसारखी एक पेटी, भोवती लाकडाचे पसरट पंख, पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली, आत शिकारी उताणा झोपलेला आणि भोवती दोनशे, तीनशे, कधी पाचशे लाकडी बदकं दोरीने नांगरलेली. वरून उडणाऱ्या थव्याला वाटायचं खाली आपलीच मंडळी निवांत चरतायत. पेटी नीट बुडावी म्हणून त्या पंखांवर बिडाची, चांगली जड बदकं ठेवायचे, ती पण आज लोक जमवतात आणि दाराला अडकण म्हणून लावतात. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टने पक्षी मारून विकायचा धंदा संपवला, १९३५ मध्ये सिंकबॉक्सवर आणि जिवंत बदकं बांधून थवे बोलवायच्या पद्धतीवरही बंदी आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिकची बदकं आली आणि लाकडी बदकं माळ्यावर गेली.

म्हणजे तुम्ही जे घेणार ते मुळात अवजार आहे. हे डोक्यात पक्कं ठेवलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं, आणि म्हणूनच माझा एकच सल्ला आहे, बदक हातात आलं की चेहरा बघू नका, आधी उलटं करा. चेहरा, चोच, पंखांवरचा रंग हे सगळं आज गराजमध्ये बसून कोणीही करू शकतो पण पोटाखाली शंभर वर्षांचा वापर खोटा करायला फार कष्ट पडतात.

माझ्या टेबलावर एक कॅनव्हासबॅक नर आहे, कोणी केला माहीत नाही, भाव पण फार नाही. पोटाखाली मधोमध शिशाचं वजन ठोकलंय, ओतीव, कडा हाताने ठोकून बसवलेल्या. पुढे छातीखाली दोरी बांधायला कातड्याचा तुकडा खिळ्याने मारलेला होता, त्याचा आता फक्त ठसा आणि गंजाचा डाग उरलाय, त्याच्या शेजारी नंतर कोणीतरी लोखंडी कडी बसवली, म्हणजे दोन जमान्यांत वापर झालाय. मागे मालकाची आद्याक्षरं तापल्या सळईने डागलीत, कारण पाण्यावर शेजाऱ्याची आणि आपली बदकं मिसळायची. डोक्याचा विटकरी रंग जिथं उडालाय तिथं खाली अजून एक विटकरी थर दिसतो आणि त्याच्या खाली काळा, म्हणजे हा पठ्ठ्या आधी दुसऱ्याच जातीचं बदक असणार, बहुतेक काळ्या डोक्याचं ब्लॅकहेड, बाजारात कॅनव्हासबॅकला भाव आल्यावर रंग बदलून घेतला. डाव्या कुशीत दोन छर्रे अजून रुतलेत. हे सगळं चेहऱ्याकडून कळलं नसतं.

आता लोककलेचं. माझ्या मते नक्कीच लोककला, पण ज्या कारणासाठी लोक म्हणतात त्या कारणासाठी नाही. 'किती गोड दिसतं' म्हणून नाही. प्रत्येक भागातल्या पाण्याने, बोटीने आणि मिळणाऱ्या लाकडाने तिथल्या बदकाचा आकार ठरवलाय आणि तो आकार बापाकडून मुलाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेला, शाळा नाही, पुस्तक नाही. ईशान्य टोकाच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर खवळलेला समुद्र, तिथली बदकं रुंद, भरीव, दणकट आणि मान धडात खाच पाडून बसवलेली, म्हणजे लाटेत डोकं निखळू नये. न्यू जर्सीच्या बार्नेगाट बेमध्ये छोट्या स्नीकबॉक्स होडीवर डझनांनी लादून न्यायची असायची, म्हणून पांढऱ्या सीडरची दोन अर्धुकं आतून कोरून पोकळ जोडलेली, हातात घेतलं की वजनच नाही. इलिनॉय नदीचं पाणी संथ, बदक जवळून बघतं, म्हणून तिथं रंगकाम इतकं नाजूक की कंगव्याने ओढलेल्या रेषा दिसतात. रॉबर्ट एलिस्टन आणि चार्ल्स पर्ड्यू हे तिथले मोठे कारागीर आणि दोघांच्याही बायका, कॅथरीन आणि एडना, रंग द्यायच्या, हे लोक विसरतात, नाव नवऱ्याचंच चालतं (हे काय फक्त तिकडचंच नाही म्हणा). आमच्या इकडे तर गंमत अशी की खाडीच्या या काठाला हॅव्हर डी ग्रेस गावची बदकं, मान सरळ धडात मिसळलेली आणि शेपटी वर उचललेली, आणि पलीकडे सेसिल काउंटीत मानेखाली एक छोटासा कठडा सोडतात आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी, धडाच्या मध्यातून निघालेली. मधे पाणी थोडंसंच. ओळखणारा माणूस लांबून सांगतो कुठल्या काठाचं आहे.

आणि करणारे लोक कोण होते बघा. मेरीलँडच्या क्रिसफिल्ड गावातले लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ, धंदा सलूनचा, गिऱ्हाईक नसलं की बदकं कोरायची, स्टीव्ह कोरायचा आणि लेम रंगवायचा. हॅव्हर डी ग्रेसचे मॅडिसन मिचेल अंत्यसंस्काराच्या व्यवसायातले, फ्युनरल होमच्या मागेच त्यांचं वर्कशॉप. न्यू जर्सीतल्या टकरटनचा हॅरी शोर्ड्स घरांना रंग द्यायचा. व्हर्जिनियातल्या कॉब बेटावरच्या नेथन कॉबच्या घरातले लोक फुटलेल्या जहाजांचं लाकूड वापरायचे. मॅसॅच्युसेट्सच्या ईस्ट हारविचचा एल्मर क्रॉवेल (१८६२-१९५२) आधी स्वतःच बाजारासाठी शिकार करायचा, मग एका श्रीमंत डॉक्टरचा शिकारीचा तळ सांभाळायचा. यातल्या कोणालाही आपण शिल्पकार आहोत असं वाटलं असेल असं मला नाही वाटत, निदान सुरुवातीला तरी.

जमवायची सुरुवात कोणी केली तर जोएल बार्बर म्हणून न्यूयॉर्कचा एक आर्किटेक्ट होता, १९१८ मध्ये त्याला एक जुनं बदक सापडलं आणि तो नादावला, १९३४ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं तेव्हा बाकीचे लोक ही बदकं शेकोटीत घालत होते, अक्षरशः जळण म्हणून. त्याचा संग्रह आज व्हर्मॉंटच्या शेलबर्न म्युझियममध्ये आहे. जमलं तर तिथे किंवा हॅव्हर डी ग्रेसच्या डिकॉय म्युझियममध्ये एक चक्कर मारा, काही विकत घ्यायच्या आधी. आणि ही फक्त गोऱ्यांची कला समजू नका, नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ च्या उत्खननात अकरा बदकं निघाली, लव्हाळ्यासारख्या टुली गवताची वळलेली, रंगवलेली, काहींना खरी पिसं लावलेली, साधारण दोन हजार वर्षं जुनी, मूळ रहिवाशांनी केलेली. आणि कॅनव्हासबॅकच आहेत हे बघताक्षणी कळतं.

पैशाचं म्हणाल तर वरचं टोक वेडं आहे. क्रॉवेलने केलेलं, मान वळवून पिसं साफ करणारं पिनटेल (हिवाळ्यात आपल्याकडे जायकवाडीला, उजनीला येतं ते तलवार बदक, तीच जात) २००३ मध्ये लिलावात ८,०१,५०० डॉलरला गेलं, आणि २००७ मध्ये त्याचेच दोन डिकॉय खाजगी व्यवहारात प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले. हे आकडे वाचून लोक गुंतवणूक म्हणून उतरतात, माझं मत विचाराल तर ते करू नका. या आकड्यांचा तुमच्या-माझ्या बदकाशी तेवढाच संबंध आहे जेवढा आपल्या फ्लॅटचा मलबार हिलच्या बंगल्याशी. साधं, वापरलेलं, चांगल्या कारागिराचं बदक काहीशे डॉलरला अजून मिळतं, ते घ्या, रोज बघायला आवडेल असं घ्या.

भाव कशावर ठरतो, तर सगळ्यात जास्त ओरिजिनल पेंटवर. शिकारी लोक दर दोन-चार सीझनला घरात असेल तो रंग मारायचे त्यामुळे पहिला रंग टिकलेली बदकं कमी. म्हणून हात जोडून सांगतो, घेतल्यावर धुवू नका, पॉलिश करू नका, वार्निश मारू नका, 'थोडं टचअप' तर मुळीच नको, त्या एका दुपारीच निम्मी किंमत जाते. हीटरच्या जवळ ठेवलं तर लाकूड तडकतं, खिडकीच्या उन्हात रंग उडतो. आणि जुन्या रंगात शिसं असतं, खालचं वजन पण शिशाचं, तेव्हा लहान मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, दिसायला अगदी सावंतवाडीचं खेळणं वाटत असलं तरी.

शिकारीची वस्तू घरात कशी ठेवता असं मला आमच्याकडचे बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. किनाऱ्यावर काठीवर उभे करायचे कर्ल्यू आणि प्लोव्हरचे लाकडी पक्षी बघताना मलाही कसंतरी होतं, त्यातल्या काही जातींची बेसुमार कत्तल झाली, एस्किमो कर्ल्यू तर आता बहुधा उरलाच नाही. पण त्याच शिकाऱ्यांना १९३४ पासून दरवर्षी डक स्टॅम्प (शिकारीसाठी विकत घ्यायचं सरकारी तिकीट) घ्यावा लागतो आणि त्या पैशातून पाणथळी राखल्या जातात, हेही खरं. मी दोन्ही गोष्टी मान्य करून कपाट उघडं ठेवलंय.

आता तुमचं बदक. मेसन ही डेट्रॉईटची फॅक्टरी, १८९६ ते १९२४ चालली, लेथवर धड काढायचे आणि शेवटचं काम, रंग हाताने. त्यांच्यात दर्जे होते, सगळ्यात वरचा प्रीमियर, मग चॅलेंज, आणि खाली साधी बदकं ज्यात काचेचे डोळे, मग खिळ्याचे डोळे, मग नुसते रंगवलेले डोळे असा उतरता भाव. विकणारा 'स्टाईल' लिहितो तेव्हा तो मेसनचं आहे असं म्हणतच नाहीये, उद्या भांडायला गेलात तर हेच दाखवेल. त्याच्याकडून पोटाचा सरळ फोटो मागा, चांगल्या उजेडात. मग मान आणि धडाच्या जोडाचा जवळून, कारण मेसन त्या जोडात पुट्टी भरायचे आणि ती सुकून बहुतेकांची गळून गेलेली असते, तुमच्या बदकाची पुट्टी अगदी गुळगुळीत अखंड दिसत असेल तर एकतर फार नशीबवान आहात किंवा ती मागच्या वर्षीची आहे. चोचीचा दोन्ही बाजूंनी, चोच सगळ्यात आधी तुटते आणि सगळ्यात जास्त तिचीच दुरुस्ती होते. छातीवरचा रंग बघा, मेसनच्या चांगल्या बदकांवर ब्रशने गोल गोल फिरवलेला जाड रंग असतो, त्याचे उंचवटे दिसतात. झीज कुठे आहे ते बघा, खरी झीज डोक्याच्या वर, शेपटीच्या टोकाला, कुशीला असते, जिथं पोत्यात एकमेकांवर घासलं, खोटी झीज सगळीकडे सारखी असते, सँडपेपरची.

जमलं तर विचारा अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली अंधारात काढलेला एक फोटो देतो का, नवीन रंग आणि नवीन पुट्टी त्यात बऱ्याचदा वेगळी चमकते. हे शंभर टक्के खात्रीचं नाही, काही जुने रंग पण चमकतात, म्हणून मोठ्या लिलाववाल्यांकडे महागड्या बदकांचा एक्सरे काढतात, तुटलेली मान नंतर जोडली असेल तर आतला नवा खिळा दिसतो. साडेचारशेला एक्सरे कोणी काढणार नाही, पण सात-आठ दिवसांत परत घेण्याची लेखी हमी मात्र मागा, मेसेजमध्ये चालेल. हमी दिली आणि फोटो आले तर इथं खाली कॉमेंटमध्ये टाका, बघून सांगतो. नाही म्हणाला तर सोडून द्या.