पंपाचा आकडा आणि फिस्टुलाचा आकडा

सोलापूर

प्रिय मुली,

डायलिसिस मशीनचा पंप ३०० वर विनातक्रार चालतोय म्हणजे रुग्णाचा फिस्टुला (हातातली धमनी शिरेला जोडून केलेला रक्तमार्ग) चांगला, असं धरून चालू नकोस. मिनिटाला ३०० मिली हा पंपाचा वेग झाला. फिस्टुलातून त्याच वेळी मिनिटाला ७०० मिली वाहत असेल, नाहीतर २५०सुद्धा. २५० असेल तर पंप उरलेली भर व्हेनस सुईतून, म्हणजे परतीच्या सुईतून, आलेल्या शुद्ध रक्ताने काढतो. चार तास होतात, डायलिसिस मात्र अर्धवटच होतं.

सुई टोचण्याआधी बाही वर घे, बांगड्या सरकव आणि धमनी-शिरेच्या जोडावर बोटं ठेव. थरथर मऊ आणि सलग हवी. तिच्याऐवजी ठोका आपटत असेल तर पुढे शीर अरुंद झाली आहे. मग हात वर उचलायला सांग. शीर बसायला, म्हणजे सपाट व्हायला हवी. अर्धी फुगलेली आणि तिथून पुढे बसलेली दिसली, तर अडथळा नेमका त्या सीमेवर आहे. शेवटी जोडाच्या थोडं वर शीर दाब. खालचा ठोका जोरात उसळला नाही, तर मुळात येणारंच रक्त कमी आहे.

फिस्टुलाचा फ्लो (रक्तप्रवाह) सलाइन डायल्यूशनने, म्हणजे रक्तात सलाइन मिसळून, मोजायचा तर पहिल्या दीड तासातच; नंतर बीपी उतरतं आणि आकडाही. यूएफ (अंगातलं जादा पाणी ओढणं) बंद कर, रक्ताच्या दोन्ही लाइन (नळ्या) उलट जोड, १० मिली सलाइन दे. मशीन रिसर्क्युलेशन मोजतं, म्हणजे परत दिलेल्या रक्ताचा किती भाग पुन्हा पंपात आला ते. १ भागिले रिसर्क्युलेशन, त्यातून १ वजा, गुणिले पंपाचा वेग. पंप ३०० आणि रिसर्क्युलेशन ०.३ असेल तर ७००, ०.५ असेल तर फक्त ३००. आर्टेरियल प्रेशर (पंप रक्त ओढतो त्या लाइनमधला दाब) फार उणे असेल तर पंपात दाखवतो तेवढं रक्त येतच नाही, मग गणितही चुकतं. आणि लाइन पुन्हा सरळ केल्याशिवाय खाटेपासून हलू नकोस.

हे मोजणारं यंत्र नसेल तर डॉपलर (सोनोग्राफीने रक्तप्रवाह मोजणं). दंडातल्या ब्रेकियल धमनीवर मोजायला सांग, फिस्टुलाच्या वेड्यावाकड्या शिरेवर नको. व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली १० टक्के चूक फ्लोमध्ये २१ टक्के होते.

फिस्टुलात ५००च्या खाली, ग्राफ्टमध्ये (शिरेऐवजी बसवलेल्या कृत्रिम नळीत) ६००च्या खाली, किंवा १०००च्या आतला फ्लो २५ टक्क्यांनी घसरला, की सावध हो. पण नुसत्या आकड्यावर अँजिओप्लास्टीला (फुग्याने शीर रुंद करायला) पाठवणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९च्या केडीओक्यूआय मार्गदर्शिकेचा भरही आधी हाताने तपासण्यावरच आहे. एप्रिल-मेच्या उन्हात अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्या माणसाचं बीपी आधीच उतरलेलं असेल, तर त्या दिवशीचा कमी आकडा डायलिसिसच्या पुढच्या पाळीला पुन्हा मोज. मात्र त्या दिवशी मशीनने पाणी जास्त ओढलं तर रात्रीतून फिस्टुला गोठू शकतो, हेही ध्यानात ठेव.

सकाळ-संध्याकाळ थरथर बघायला प्रत्येकाला शिकव. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना शब्दांत सांगत बसू नकोस, त्यांचंच बोट जोडावर ठेव. थरथर थांबली तर पुढच्या पाळीची वाट न बघता त्याच तासाला फोन.

सर्जनच्या चिठ्ठीत ‘फ्लो कमी’ एवढंच लिहू नकोस. सुई काढल्यावर रक्त किती मिनिटांनी थांबलं, २०० च्या पंपावर व्हेनस प्रेशर (परतीच्या लाइनमधला दाब) गेल्या तीन पाळ्यांत किती होतं, हात उचलल्यावर शीर कुठपर्यंत बसली, सगळं लिही.

तुझा,
सर