सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, मग पुण्यात जानेवारीत सूर्य आणखी उशिरा का उगवतो?

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला जाताना डिसेंबरपेक्षा जानेवारीत जास्त अंधार वाटतो, हा भास आहे का, असं तुम्ही विचारलंय. भास नाही. मीही रोज टेकडीवर जातो आणि जानेवारीत बॅटरी जास्त दिवस खिशात ठेवावी लागते.

पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य साधारण ७:०२ ला उगवतो आणि ६:०३ ला मावळतो. १५ जानेवारीला उगवतो ७:१० ला, मावळतो ६:१८ ला. दिवस सात मिनिटांनी वाढला खरा, पण सकाळ आठ मिनिटं मागे गेली आणि संध्याकाळ पंधरा मिनिटं लांबली. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना, ते तीळ सगळे संध्याकाळच्या वाटीत पडतात.

असं होतं कारण खरी दुपार, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच येण्याची वेळ, घड्याळात एका जागी थांबत नाही. पुण्यात ती २२ डिसेंबरला १२:३३ च्या सुमारास असते, १५ जानेवारीला १२:४४ च्या सुमारास. (बाराला नसते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि पुणे त्याच्या बऱ्याच पश्चिमेला.) दुपारच सरकली की तिच्या दोन्ही बाजूंचा सूर्योदय आणि सूर्यास्तही सरकणारच.

आता दुपार का सरकते? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीही पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेत यायला तिला आणखी थोडं वळावं लागतं. वर्षभराची सरासरी काढली तर हे सगळं मिळून २४ तास होतात. डिसेंबर अखेरीस मात्र रोज जवळजवळ अर्धा मिनिट जास्त लागतो. एक तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा ती जास्त वेगाने धावते. दुसरं, तिचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्याने अयनबिंदूजवळ, म्हणजे सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, ताऱ्यांच्या तुलनेत सूर्याचं रोजचं सरकणं जवळपास पूर्णपणे पूर्वेकडेच होतं, म्हणून त्याला गाठायला पृथ्वीला जास्त वळावं लागतं. दोन्ही कारणं नेमकी एकाच वेळी येऊन एकमेकांत मिळतात.

लंडनलाही हेच घडतं, पण तिथे दिवसाची लांबी इतकी झपाट्याने बदलते की सर्वांत उशिराचा सूर्योदय नव्या वर्षाच्या आसपासच उरकतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, लांबीतला बदल संथ, म्हणून आपल्याकडे तो १८-२० जानेवारीपर्यंत लांबतो.

पटत नसेल तर दक्षिणेच्या खिडकीच्या उभ्या गजाची फरशीवरची सावली २२ डिसेंबरला १२:३३ ला खडूने आखून ठेवा. १५ जानेवारीला त्याच वेळी बघाल तर सावली रेषेवर नसेल, रेषेच्या पश्चिमेला असेल. रेषेवर यायला तिला अकराएक मिनिटं लागतील.

आणि २२ डिसेंबरची ती ७:०२ ची वेळ पुन्हा यायला फेब्रुवारीचा मध्य उजाडतो. तोवर बॅटरी न्या.