फॉक्सग्लव्ह : हातमोजा कोल्ह्याचा की पऱ्यांचा?

‘फॉक्सग्लव्ह’ या फुलझाडाच्या नावातला ‘फॉक्स’ मुळात ‘फोक्स’ (folks, म्हणजे लोक) असून त्या नावाचा खरा अर्थ ‘पऱ्यांचा हातमोजा’ आहे का, अशी विचारणा झाली आहे. ही व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकणारी नाही.

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी (नावातच कोल्हा!) १८४७ साली ती मांडली. वेल्श भाषेत या फुलाला पऱ्यांचा हातमोजा म्हणतात आणि इंग्रजीत पऱ्यांना ‘गुड फोक्स’, म्हणजे भली माणसे, असे म्हटले जाई. तेव्हा ‘फोक्स’चा पुढे ‘फॉक्स’ झाला असणार, असा त्यांचा तर्क होता. अडचण अशी की, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हे नाव ‘फॉक्सेस ग्लोवा’, म्हणजे स्वच्छ ‘कोल्ह्याचा हातमोजा’ असेच आढळते. ‘फोक’मधला ‘ल’ त्या काळी उच्चारला जात असे आणि त्याची षष्ठी ‘फोल्केस’ अशी होई. तिचे ‘फॉक्सेस’ होण्याइतकी झीज तेव्हा झालेलीच नव्हती. शिवाय नॉर्वेजियन भाषेत याच फुलाचे नाव ‘कोल्ह्याची घंटा’ या अर्थाचे आहे, आणि तिथे ‘फोक’शी गल्लत होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोल्ह्याला हातमोजे कशाला, ही शंका मात्र उरतेच. त्यावर मी एवढेच विचारीन की, कुत्र्याला छत्री कशाला? पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या अळंबीला आपण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो आणि त्यातला ‘कुत्रा’ कशाचा अपभ्रंश असेल, हे शोधत बसत नाही. रानटी किंवा माणसाच्या उपयोगाच्या नसलेल्या वनस्पतीला एखाद्या जनावराची मालकी बहाल करण्याची खोड बहुधा सगळ्याच बोलींना असते.

नावातला ‘हातमोजा’ मात्र फूल पाहताच पटतो, कारण उभ्या दांड्यावर लोंबणाऱ्या त्या जांभळट नळीत बोटाचे टोक नेमके मावते. जर्मन लोकांनाही तेच दिसले आणि त्यांनी या झाडाला शिंप्याच्या अंगुस्तानाचे नाव दिले. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यावरूनच, बोट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून, ‘डिजिटॅलिस’ हे नाव घडवले. हृदयविकारावरच्या ‘डिगॉक्सिन’ या औषधाच्या नावातला ‘डिग’ तिथलाच. आणि गंमत म्हणजे ‘फुक्स’ या आडनावाचा जर्मन भाषेतला अर्थही कोल्हाच.