ख्रिस्ताचा स्वीकार केल्यानंतर रोजच्या जीवनात विश्वास कसा जगावा?

ख्रिस्ताचा स्वीकार केला त्या दिवशी मन भरून आले होते, पण आता जुना राग आणि जुना कंटाळा परतला आहे, तेव्हा तो निर्णय खरा होता का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो खराच होता. मात्र तो आरंभ होता, आणि आपण त्याच्याकडून शेवटाची अपेक्षा करीत आहात.

आपला वधस्तंभ (क्रूस) उचलून मागे येण्याचे येशूचे आवाहन मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकांत) आहे, परंतु त्यात ‘दररोज’ हा शब्द फक्त लूक (९:२३) देतो. तो शब्द मला फार दिलासा देतो, कारण जे रोज करायचे आहे ते काल अपुरे राहिले तरी आज पुन्हा हाती घेता येते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच प्रबंध विश्वासणाऱ्याचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे असे सांगतो.

व्यवहारात याची सुरुवात लहान गोष्टींपासून करावी. रोज बायबलमधील एखादे स्तोत्र सावकाश वाचावे, मन लागो वा न लागो (बहुधा लागत नाहीच), आणि ज्याच्याशी कठोर बोललो त्याची सूर्य मावळण्यापूर्वी क्षमा मागावी; इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२६) प्रेषित पौल रागाला हीच मुदत घालून देतो. मंडळीची, म्हणजे चर्चमधील विश्वासणाऱ्यांची, संगत सोडू नये, कारण स्वतःचे दोष एकट्याला क्वचितच दिसतात. हे सारे तारण, म्हणजे पापापासून सुटका, कमावण्यासाठी नव्हे: फिलिप्पैकरांस ‘आपले तारण साधून घ्या’ असे लिहिणारा पौल पुढच्याच वचनात सांगतो की, इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवून आणतो.