बातमी की जाहिरात?

प्रश्न : विधानसभा निवडणुकीच्या काळात आमच्याकडे येणाऱ्या दोन दैनिकांत एकाच उमेदवाराची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला, ‘जाहिरात’ असा उल्लेख कोठेही नव्हता. हा पक्षपात मानावा काय, आणि तक्रार कोठे करावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अग्रलेखातून बाजू घेणे हा संपादकाचा अधिकार आहे, कारण तेथे मत हे मत म्हणूनच वाचकापुढे येते. आपण वर्णिलेला प्रकार निराळा आणि, माझ्या मते, अधिक गंभीर आहे : दोन स्वतंत्र वार्ताहर अक्षरशः एकच मजकूर लिहीत नाहीत, त्यामुळे तो विकत छापून घेतला असावा ही आपली शंका रास्त ठरते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत अशा ‘पेड न्यूज’ची उदाहरणे उघडकीस आली होती. आपण प्रथम दोन्ही संपादकांना लेखी विचारणा करावी आणि उत्तर असमाधानकारक वाटल्यास, प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, कात्रणांसह प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करावी. १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिल ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. ही उणीव मला सतत खुपते. निवडणूक चालू असतानाच असा मजकूर दिसला, तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे जावे, म्हणजे त्याचा खर्च उमेदवाराच्या नावे धरला जाऊ शकतो.