पुण्यात कॅफेत बसून काम करायचंय? आधी प्लग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वन बीएचके, नवरा-बायको दोघंही घरून काम करणारे, म्हणून आठवड्यातून तीन दिवस बाणेर किंवा कोथरूडच्या एखाद्या कॅफेत बसायचा विचार. रोज दोन-तीन व्हिडिओ कॉल. काय न्यावं, किती वेळ बसलं तर चालतं, आणि कोणी हाकलणार तर नाही ना?

हाकलत कोणी नाही. फक्त टेबल पुसायला माणूस तिसऱ्यांदा येतो आणि ‘सर, अजून काही?’ मधला ‘सर’ जरा लांबतो. तो का लांबतो हे आधी कळलं पाहिजे. समजा, संध्याकाळी सहा ते नऊ एका टेबलावर तासाला एक गिऱ्हाईक बसतं आणि प्रत्येक बिल ५०० रुपयांचं होतं. त्या तीन तासांत टेबल १५०० कमावतं. तुम्ही तिथे २४० रुपयांची एक कॅपुचिनो घेऊन बसलात तर मालकाचे साडेबाराशे गेले. तेच तुम्ही मंगळवारी सकाळी साडेदहाला बसलात, आजूबाजूला नऊ टेबलं रिकामी आहेत, तर त्याचं काहीच गेलं नाही. उलट रस्त्यावरून बघणाऱ्याला आत वर्दळ दिसते. म्हणजे ‘किती तास बसावं’ यापेक्षा ‘कोणत्या तासाला बसावं’ हे महत्त्वाचं. कामाच्या दिवशी उघडल्यापासून साडेबारापर्यंत, मग तीन ते पाच. जिथे जेवण मिळतं तिथे एक ते तीन नको. शनिवार-रविवार तर लॅपटॉप घरीच ठेवा. कॉलेजांच्या आसपास, म्हणजे एफसी रोड, कर्वे रोडला परीक्षेच्या दिवसांत दुपारही जाते, कारण चार जणांचा अभ्यास एका कोल्ड कॉफीवर चालू असतो.

आणि हो, वैशाली, रुपाली, गुडलक ही नेहमी गर्दीची हॉटेलं या कामाची ठिकाणं नव्हेत. तिथे मागची माणसं तुमचा शेवटचा घास मोजत उभी असतात.

टेबलाच्या ‘भाड्या’चा अंदाज ठेवायला सोपा हिशोब: दर दीड तासाला एक ऑर्डर, आणि ताशी साधारण दीडशे रुपये पडले तर दोन्ही बाजूंना बरं वाटतं. एकटे असाल तर दोघांचं टेबल घ्या. दुसरी ऑर्डर कॉफीची नको, खायची करा. यात बिल वाढवण्यापेक्षा तब्येतीचा भाग जास्त आहे. दोन शॉटच्या कॅपुचिनोत साधारण १२५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक असं सांगितलं. तीन कपांत तुम्ही त्या रेषेजवळ येता. मिश्रणात रोबस्टा जातीची कॉफी असेल तर आधीच, कारण तिच्यात अरेबिका जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला पाचेक तास लागतात. चारला प्यायलेली कॉफी रात्री नऊलाही अर्धी शिल्लक असते.

१९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेची पहिली शाखा निघाली ती सायबर कॅफे म्हणून. नेटचे पैसे तासावर होते, कॉफी त्याच्या जोडीला. आता नेट फुकट आहे आणि तास कॉफीच्या कपात घालून विकला जातो. विकला जातो तो तासच, एवढं ध्यानात ठेवलं की वरचा हिशोब जाचत नाही.

आता प्लग. आत शिरल्यावर खुर्ची शोधू नका, प्लग पॉइंट शोधा, आणि बसण्याआधी चार्जर लावून लॅपटॉपवर चार्जिंगची खूण येते का ते बघा. कॅफेतली सॉकेटं दिवसभर ओढाताण सोसून ढिली झालेली असतात. पिन आत जाते पण धरत नाही, चार्जरचा विटेसारखा ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि तासाभराने कळतं की बॅटरी १८ टक्क्यांवर आहे. यावर उपाय म्हणजे भिंतीत जाणारा भाग हलका ठेवायचा: छोटा ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर आणि दोन मीटरची टाइप-सी केबल. केबल घेताना एक गोष्ट बघा. ६० वॅटच्या पुढे जायला ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. साधी ३ अँपिअरची लावली तर ६५ वॅटचा चार्जर ६०वरच थांबतो. रोजच्या कामाला तेही पुरतं, पण फोनबरोबर आलेली केबल असेल तर कधीकधी तेवढंही मिळत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका. वाटेत आडवी पडलेली वायर आणि हातात चार कप घेतलेला वेटर ही गाठ एकदा पडतेच.

धातूची बॉडी असलेल्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. लॅपटॉप बिघडलेला नसतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक प्रवाह झिरपतो आणि तो बॉडीवर जाणवतो. अर्थची पिन खरोखर जोडलेली असलेला तीन पिनांचा प्लग वापरला आणि सॉकेटचं अर्थिंग चालू असलं की झिणझिण्या थांबतात. तीन पिना लावूनही जाणवलं तर त्या सॉकेटचं अर्थिंग मेलेलं आहे, जागा बदला. झिणझिण्यांऐवजी सरळ झटका बसला तर मात्र ते सॉकेट वापरू नका आणि काउंटरवर सांगा.

पुण्यात गुरुवार लक्षात ठेवायचा. महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात. कॅफेत ‘बॅकअप आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कारण दिवे आणि बिलाचं मशीन इन्व्हर्टरवर असतं. दोन ग्रुपचं, म्हणजे एकदम दोन ठिकाणी कॉफी काढणारं एस्प्रेसो मशीन तीन-चार किलोवॅट खातं, एसीचं वेगळंच; हे लहान इन्व्हर्टरवर चालत नाही, आणि भिंतीतले प्लगही बऱ्याचदा त्यावर घेतलेले नसतात. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘लाइट गेली तर या प्लगला करंट राहतो का? आणि राउटरला?’ जनरेटर असेल तर दोन्ही राहतील, पण तो चालू होताना काही सेकंदांचा खंड पडतो आणि राउटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. पॉवर बँक न्यायची असेल तर २२.५ वॅटची नको. ती फोनसाठी असते, बहुतेक लॅपटॉप तिला दाद देत नाहीत. ६५ वॅट पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली घ्या. २०,००० एमएएचची म्हणजे आत ७४ वॅट-तास, त्यातले साठेक हाती लागतात. साध्या टायपिंगला लॅपटॉप १०-१२ वॅट घेतो, म्हणजे पाच तास. व्हिडिओ कॉलवर तीन धरा.

नेटबद्दल सगळे ‘स्पीड किती?’ विचारतात. कॉल तुटतो तो बहुधा स्पीडमुळे नाही. फास्ट डॉट कॉम उघडा, चाचणी झाली की खाली आणखी माहितीचं बटण आहे ते दाबा. तिथे अपलोड आणि दोन लेटन्सी, म्हणजे पलीकडून उत्तर यायला लागणारे वेळ, दिसतात: एक मोकळ्या लाइनची, एक भार असतानाची. अपलोड ३ एमबीपीएसच्या वर हवा. भारातली लेटन्सी १००-१५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर खुशाल बसा. मोकळी १२ आणि भारातली ४०० दिसली, तर डाउनलोड ९० एमबीपीएस असला तरी शेजारच्याने मोठी फाइल चढवायला घेतली की तुमचा आवाज रोबोटसारखा होणार. सीसीटीव्ही, बिलिंग आणि गाणी त्याच लाइनवर असतात हेही विसरू नका. दोन नावांचे वायफाय दिसले तर ५ गिगाहर्ट्झचा घ्या. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, आणि काउंटरवरचा मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात. कोणी सँडविच गरम करायला टाकलं की लेटन्सी उड्या मारते.

कॅफेच्या वायफायला जोडताना येणारं ओटीपीचं पान उघडतच नसेल तर राउटरला दोष देण्याआधी व्हीपीएन बंद करा आणि फोनच्या सेटिंगमधला प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा, ही दोन्ही त्या पानाला वाटेतच अडवतात. तरीही नाही आलं तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ती साइट मुद्दाम विनाकुलूप, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे राउटर तिला पकडून लॉगिनच्या पानावर नेऊ शकतो. परदेशातून सुट्टीला आलेल्या मंडळींना तिकडच्या नंबरवर ओटीपी येईलच असं नाही, त्यांनी इथलं सिम किंवा कोणाचा तरी हॉटस्पॉट धरावा. बऱ्याच ठिकाणी तासाभराने सत्र संपतं, तेव्हा कॉलच्या पाच मिनिटं आधी स्वतःहून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

कॉलसाठी खरं तर स्वतःचा हॉटस्पॉटच भरवशाचा. फोन काचेजवळ ठेवा आणि केबलने जोडा. गर्दीच्या वायफाय पट्ट्याचा प्रश्न मिटतो आणि फोनही चार्ज होतो. हिशोब: एचडी कॉलला दोन्ही दिशांना १.२ एमबीपीएस धरलं तर तासाला प्रत्येकी ५४० एमबी, म्हणजे एकूण जीबीभर. रोज २ जीबीच्या पॅकमध्ये तासातासाचे दोन कॉलही पुरते बसत नाहीत, त्यात लॅपटॉपने मागच्या दाराने अपडेट उतरवले तर आणखी कमी. विंडोजमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, मॅकवर ‘लो डेटा मोड’. अमर्यादित ५जी असलं तरी फोन ४जीवर उतरला की रोजची मर्यादा लागते आणि ती संपल्यावर ६४ केबीपीएस उरतात. त्यात ‘हॅलो, आवाज येतोय का?’ एवढंच मावतं.

बसायची जागा: पाठ भिंतीला, खिडकी बाजूला. खिडकी पाठीमागे असेल तर कॉलवर तुमची नुसती सावली दिसते, समोर असेल तर डोळे शिणतात. पाठ भिंतीला असली की मागून कोणी स्क्रीन वाचत नाही. महागडा प्रायव्हसी फिल्टर फक्त बाजूने बघणाऱ्याला अडवतो, थेट मागच्याला नाही. काउंटरपासून चार-पाच मीटर तरी लांब बसा. ग्राइंडर आणि दूध फेसाळणाऱ्या वाफेची शीळ हे दोन आवाज माइक हमखास उचलतो. लॅपटॉपच्या माइकपेक्षा तोंडाजवळ माइक असलेला साधा वायरचा इअरफोन बरा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याचदा ऐकू येणाऱ्या आवाजाचीही प्रत उतरते. झूमवर म्यूट राहून बोलताना तेवढा स्पेसबार दाबून धरायची सवय लावा. पगार, मुलाखत, ग्राहकाची नावं असलेला कॉल मात्र तिथे घेऊच नका. पुणं लहान आहे, शेजारच्या टेबलावर त्याच कंपनीतला माणूस निघतो.

टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर दोन-तीन तास निघतात. सोफ्यापुढच्या ४५ सेंटिमीटरच्या टेबलावर अर्ध्या तासात मान बोलायला लागते. स्टँड आणि वेगळा कीबोर्ड नेऊ नका, ६० सेंटिमीटरच्या गोल टेबलावर कपालाही जागा उरत नाही.

कप लॅपटॉपच्या चार्जिंगच्या बाजूला नको, आणि शक्यतो बशीसकट. सांडलीच तर पहिल्या दहा सेकंदांत चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, आणि लॅपटॉप तंबूसारखा उलटा टेबलावर टेकवा, कीबोर्ड खाली तोंड करून. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, ड्रायर तर मुळीच नको. गरम हवेने कॉफी आणखी आत जाते. ‘वाळलाय ना, चालू करून बघू’ हा मोह टाळा. काळ्या कॉफीपेक्षा दूध-साखरेची वाईट, कारण पाणी उडून गेलं तरी साखरेचा चिकट थर सर्किटवर राहतो. त्याच दिवशी दुरुस्तीला न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा.

तुमच्या तीन दिवसांपैकी ज्या दिवशी तिन्ही कॉल असतील त्या दिवशी को-वर्किंगचा, म्हणजे भाड्याने बसायच्या सामायिक ऑफिसचा, दिवसाचा पास घ्या. चार तासांच्या कॅफेच्या बिलात थोडीच भर पडते. जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक फरक आहे: को-वर्किंगच्या बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळू शकतं. कॅफेच्या ५ टक्क्यांचं नाही, कारण खाण्यापिण्यावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली अडवलेलं आहे. तेव्हा कॉफीच्या बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्यायला काउंटरवर रांग अडवू नका. त्याच बिलावर सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. तो ऐच्छिक आहे, सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण चार तास खुर्ची अडवून बसला असाल, तर टेबल पुसणाऱ्याच्या हातावर तेवढे पैसे वेगळे ठेवा.